खापराला नवस बोलणारे गाव

इटलीहून परतलेल्या माणसाला "काय काय पाहिलंत?" असे विचारले, की तो ठरलेली पाच नावे एका दमात म्हणून टाकतो : रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पिसाचा कललेला मनोरा आणि ज्वालामुखीने गिळलेले पाँपेई. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. प्रवासी-कंपनीची मोटार थांबेल तिथे उतरावे आणि शिट्टी वाजली की पुन्हा चढावे, हा आजच्या यात्रेकरूंचा धर्मच आहे. पण ज्या देशातल्या भिंतींवर आणि छतांवर जगातल्या थोर चित्रकारांचे हात फिरले, त्या देशातल्या साध्या ताटवाटीवर कोणाचा हात फिरला, हे ज्याला पाहायचे असेल त्याने हमरस्ता सोडून थोडे आत शिरावे. तसे आत शिरल्यावर मला देरूता भेटले.

देरूता हे उंब्रिया प्रांतातले गाव. उंब्रियाला समुद्र नाही. सगळा मुलूख टेकड्यांचा, जैतुनाच्या झाडांचा आणि जुन्या मठांचा. पुढे रोममधून मोठ्या दिमाखात वाहणारी टायबर नदी इथे अगदी साधीसुधी, शेताच्या बांधाने चालल्यासारखी जाते. तिच्या खोऱ्याकडे पाहत एका टेकडीवर हे गाव बसले आहे. पेरूजा या प्रांताच्या राजधानीपासून ते दक्षिणेला जेमतेम पंधरा किलोमीटर. वस्ती नऊ हजारांच्या आसपास. 'दिरूता' म्हणजे उद्ध्वस्त झालेले. त्या शब्दावरून गावाचे नाव पडले असे काहीजण सांगतात. मडकी घडवणाऱ्या गावाचे नावच 'फुटके' असावे, ही गंमत कुंभारांना मात्र मुळीच खुपत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पेरूजाच्या परदेशीयांसाठी असलेल्या विद्यापीठात इटालियन शिकत होता. त्याच्याबरोबर सकाळच्या बसने निघालो. बसने सोडले ते टेकडीच्या पायथ्याशी, खालच्या देरूतात. हा भाग म्हणजे एक लांबच लांब रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना भांड्यांची दुकाने. फूटपाथवर माणसाएवढाल्या बरण्या, भिंतींवर परातींएवढ्या थाळ्या, दारात लिंबांच्या चित्रांची मेजे. निळा, पिवळा, नारिंगी आणि हिरवा असे चार रंग डोळ्यांवर एकदम तुटून पडतात. मी एका सुरईची किंमत विचारली, आकडा ऐकून सवयीने निम्म्यावर आणली. विद्यार्थी माझी बाही ओढत म्हणाला, "सर, इथं घासाघीस करत नाहीत." दुकानदारीणबाईंना मराठी येत नव्हते, पण माझा सूर त्यांना बरोबर कळला असावा. त्या हसल्या आणि सुरई हळूच मागे सरकवून ठेवली.

वरचे देरूता निराळे. चढण चढून वेशीतून आत गेले, की दगडी घरे, अरुंद गल्ल्या आणि मधोमध 'कॉन्सलांचा चौक'. तिथे गल्ल्यांची नावे भाजलेल्या रंगीत फरशांवर लिहिलेली, घरांचे क्रमांकही तसेच. चौकातल्या जुन्या राजवाड्यात आता चित्रसंग्रह आहे. तिथे पेरूजीनोचे, म्हणजे राफाएलच्या पूर्वसूरींपैकी एका बड्या चित्रकाराचे, एक भित्तिचित्र आहे. प्लेगच्या भयाने काढवून घेतलेले हे चित्र १४७० च्या दशकातले. वर आकाशात जगत्पिता, खाली दोन संत, आणि संतांच्या पायांशी तटबंदीसह उभे असलेले इवलेसे देरूता. संकटात सापडलेल्या गावाने आपले चित्र देवाच्या पायाशी नेऊन ठेवायचे, ही रीत इथे किती मुरलेली आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळायचे होते.

या गावात तेराव्या शतकाच्या अखेरीपासून भांडी होत आली आहेत. पण देरूताची कीर्ती साध्या मातीच्या भांड्यांची नव्हे. ती 'मायोलिका' भांड्यांची. मायोलिका म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना समजावणे सोपे आहे, कारण आपल्याला कल्हई ठाऊक आहे. आपला कल्हईवाला तांब्यापितळेच्या भांड्यावर कथील चढवतो आणि भांडे पांढरे शुभ्र करतो. मायोलिकेत तेच कथील मातीवर चढते. मात्र धातूच्या रूपात नव्हे, भस्माच्या रूपात. कथलाचे भस्म काचेच्या झिलईत मिसळले, की पारदर्शक झिलई दुधासारखी पांढरी आणि अपारदर्शक होते. खालची माती तांबडी असो की करडी, वरून भांडे चिनीमातीचेच वाटते.

आणि ही युक्ती मुळात चिनीमातीचा मत्सर वाटूनच निघाली. नवव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याच्या बाजारात चीनची पांढरी भांडी येऊ लागली. तशी माती बसऱ्याच्या कुंभारांजवळ नव्हती. तेव्हा त्यांनी आपल्या पिवळट मातीवर कथलाची पांढरी झिलई दिली आणि त्यावर निळ्या रंगाने चित्रे काढली. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक किमया साधली : चांदीच्या आणि तांब्याच्या क्षारांनी झिलईवर सोन्यासारखी झळाळी आणण्याची. या दोन्ही विद्या मुसलमान कारागिरांबरोबर इजिप्तला गेल्या, तिथून स्पेनमध्ये पोचल्या. स्पेनची भांडी मायॉर्का बेटावरून गलबतांनी इटलीत येत, म्हणून इटालियन लोकांनी त्यांना बेटाचेच नाव दिले. हेच ते 'मायोलिका'. आपण नाही का साखरेच्या एका प्रकाराला चिनी आणि दुसऱ्याला मिसरी म्हणत? वस्तू ज्या वाटेने आली, तिच्या खुणा नावात राहतात. चीनचा हेवा, बसऱ्याची अक्कल, स्पेनची गलबते आणि उंब्रियाची माती, असे चार मुलूख एका थाळीत जेवायला बसले आहेत.

सोळाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात देरूताची ही झळाळी सगळ्या इटलीत गाजली. लेआंद्रो अल्बेर्ती नावाच्या एका डोमिनिकन साधूने १५५० साली इटलीचे वर्णन करणारा मोठा ग्रंथ छापला, त्यात देरूताची भांडी सोन्याने मढवल्यासारखी दिसतात असे कौतुक आहे. वास्तविक त्या भांड्यात सोन्याचा कणही नसे. दोनदा भाजून तयार झालेल्या थाळीवर चांदीतांब्याच्या क्षारांचा आणि शिरक्याचा लेप काढायचा, आणि मग तिसऱ्यांदा मंद भट्टीत घालून झाडोऱ्याचा दाट धूर कोंडायचा. धूर प्राणवायू ओढून घेतो आणि झिलईवर धातूचा झिरझिरीत थर मागे राहतो. भांडे बाहेर येते ते काजळीने काळेकुट्ट. ते घासले म्हणजे खालून सोने उजळते, किंवा उजळत नाही. चिप्रियानो पिकोलपास्सो या जवळच्याच एका गावच्या गृहस्थाने १५५७ च्या सुमारास कुंभारकामावर तीन भागांचे पुस्तक लिहिले. त्याचे हस्तलिखित आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तो सांगतो, की ही विद्या मोठी दगलबाज आहे, शंभर भांडी विस्तवात घातली तर कधी कधी सहाच चांगली निघतात. शंभरात सहा! आमच्या परीक्षांचे निकालही इतके वाईट लागत नाहीत.

देरूताचे संग्रहालय संत फ्रान्सिसच्या मठाच्या जुन्या इमारतीत आहे. सुमारे सहा हजार वस्तू तिथे आहेत. पण मला सगळ्यांत आवडले ते त्याचे जन्माचे नाव. १८९८ साली फ्रान्चेस्को ब्रिगांती नावाच्या एका नोटरीने हे संग्रहालय उभे केले, तेव्हा त्याला 'मायोलिकेचे काम करणाऱ्यांसाठी कलासंग्रहालय' असे नाव दिले. पाहुण्यांसाठी नव्हे, विद्वानांसाठी नव्हे; काम करणाऱ्यांसाठी. त्या वेळी गावाची कला पार खालावली होती. सोळाव्या शतकातली झळाळी कधीच विझली होती आणि एकोणिसाव्या शतकात गावातले कुंभार बहुतेक स्वयंपाकाची ओबडधोबड भांडी करून पोट भरत होते. आजोबा-पणजोबांनी केलेल्या थाळ्या परदेशी संग्राहकांनी केव्हाच नेल्या होत्या. त्या पाहायच्या तर लंडन-पॅरिसला जायला हवे, आणि कुंभाराला लंडनचे तिकीट कोण देणार? तेव्हा ब्रिगांतीने पूर्वजांचे नमुने गोळा करून गावातच ठेवले, की दिवसभर चाकावर बसणाऱ्याने संध्याकाळी येऊन पाहावे, हात लावावा, घरी जाऊन तसे करून बघावे. पुढे अल्पीनोलो मान्यीनीसारख्या चित्रकारांनी तोच धागा धरून गावाची कला पुन्हा उभी केली. हरवलेली विद्या माणसे परत मिळवू शकतात, याचा हा पुरावा. आणि ती एकदा हरवू शकली, याचाही.

संग्रहालयात मोठ्या शोभेच्या थाळ्या आहेत, चाळीस-चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या. मध्यभागी एखाद्या रूपवतीचा एका बाजूने काढलेला चेहरा, लांब मान, केसांवर जाळी, आणि तिच्यापुढे लहरणाऱ्या फितीवर तिचे नाव व 'सुंदरी' ही पदवी. प्रत्येक सुंदरी दुसरीसारखीच दिसते. नाव तेवढे निराळे. प्रेमात पडलेल्या तरुणाला आपली प्रेयसी जगावेगळी वाटते, पण कुंभाराला अनुभवाने ठाऊक असते, की एकच साचा सगळ्यांना पुरतो. थाळी उलटी केली, तर मागच्या पायावर भट्टीत जाण्यापूर्वीच पाडलेली दोन भोके दिसतात. म्हणजे ही थाळी जेवायची नव्हेच, पहिल्या दिवसापासून भिंतीवर टांगायची. आमच्याकडे लग्नातली चांदीची ताटे कपाटातून बाहेर येत नाहीत, तसलाच प्रकार. शेजारी संत फ्रान्सिसच्या देवळातली १५२४ सालची जमीन मांडून ठेवली आहे : चांदण्या आणि फुल्यांच्या आकाराच्या फरशा एकमेकींत गुंतवलेल्या, प्रत्येकीवर वेगळे चित्र. हा आकारही पूर्वेकडूनच आलेला.

दुपारी एका कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे पाच-सहा माणसांचे काम. धुराडे नाही, भोंगा नाही. दारातून आत गेल्यावर ओल्या मातीचा जो वास आला, तो मात्र कुठल्याही कुंभारवाड्यातला असू शकला असता. चाकावर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. सारे त्यांना 'माएस्त्रो' म्हणत, म्हणजे आपल्याकडचे 'उस्ताद'. चाक विजेवर फिरणारे, बाकी सगळे हाताने. मातीचा गोळा चाकावर आपटला, ओल्या हातांनी मधोमध आणला, अंगठा रुतवला आणि बघता बघता पातळ काठाची बरणी वर चढली. तळाखालून तार ओढून ती कापून घेतली आणि फळीवर ठेवली. अशा फळीभर बरण्या एका मापाच्या, आणि जवळ मोजपट्टी नाही. पूर्वी माती नदीकाठची आणि टेकडीची आणत, चौकोनी हौदात धूत, महिनोन् महिने मुरवत. आता बहुतेकजण तयार मळलेली माती विकत घेतात. "ही माती चांगली आहे," माएस्त्रो म्हणाले, "पण तिची माझी ओळख नाही."

भांडे सावलीत सुकल्यावर पहिल्यांदा भाजतात, हजारएक अंशांवर. ते निघते गुलाबी, कोरडे. माएस्त्रोंनी एक थाळी उचलली, बोटाच्या पेराने वाजवली आणि खणखणीत आवाज आल्यावर बाजूला ठेवली. दुसरी वाजवली, ती बद्द बोलली. डोळ्याला चीर दिसत नव्हती, पण त्यांनी ती न पाहताच टोपलीत टाकली. मराठीच्या मास्तराला अशा वेळी गोरोबाकाकांची आणि त्यांच्या थापटीची आठवण न झाली तरच नवल. संतांच्या मेळाव्यात कच्चे मडके कोणते हे ज्यांनी थापटीने ओळखले, ते तेरचे गोरा कुंभार मी विद्यार्थ्याकरवी माएस्त्रोंना सांगितले. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग कच्च्या निघालेल्याचं काय केलं? टोपलीत टाकलं?" मी म्हटले, "नाही, तो पुढे मोठा संत झाला." माएस्त्रो म्हणाले, "मग तुमची भट्टी आमच्यापेक्षा चांगली."

भाजलेले भांडे झिलईच्या पांढऱ्या पाण्यात बुडवून काढले, की पाणी क्षणात शोषले जाते आणि वर पिठासारखा थर उरतो. खरी परीक्षा इथून पुढे. चित्र याच कोरड्या पिठावर काढायचे असते. कुंचला टेकला, की रंग तिथेच जिरला. पुसणे नाही, खोडणे नाही, गिरवणे नाही. खिडकीपाशी एक बाई एका थाळीवर देरूताची प्रसिद्ध सोंडवाली ड्रॅगनची नक्षी काढत होत्या. वय पन्नाशीच्या आत, चष्मा कपाळावर. त्यांच्याजवळ नक्षीचा कागद होता, रेषांवर सुईने बारीक भोके पाडलेला. तो थाळीवर धरून कोळशाच्या पुडीने थोपटला, की खाली ठिपके उमटतात. भट्टीत कोळसा जळून जातो आणि रंग राहतो. उदबत्तीने भोके पाडलेला रांगोळीचा कागद आमच्या घरीही दिवाळीत माळ्यावरून निघतो, असे मी सांगितले, तेव्हा बाईंना फार आनंद झाला. "मग तुमच्या घरी सगळ्याच बायका चित्रकार आहेत," त्या म्हणाल्या. "आणि चित्र रोज पुसायचं? रोज नवं?" आमची रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते आणि त्यांची रेघ पाचशे वर्षे टिकते, यात जास्त निधड्या हाताचे काम कोणते, याचा आम्ही दोघांनीही निकाल लावला नाही.

रंगांच्या वाट्या पाहिल्या, तर साऱ्या मातकट आणि फिक्या. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा, मँगनीजचा जांभळट तपकिरी. त्यांचा खरा चेहरा दुसऱ्या भट्टीनंतर उघडतो. काढणाऱ्याला तो आधीच मनात पाहावा लागतो. पूर्वी झिलईत शिसेही असे; आता जेवायच्या भांड्यांना ते चालत नाही, म्हणून घटक बदलले आणि त्याबरोबर रंगांचे स्वभावही बदलले. आईकडून शिकलेले प्रमाण बाईंना पुन्हा नव्याने बसवावे लागले.

मी विचारले, "हाताने रंगवलेली थाळी आणि छापाची थाळी ओळखायची कशी?" त्यांनी कामाचा कुंचला खाली ठेवला आणि मला शिकवणीच दिली. काठाची निळी रेघ पाहा : थाळी फिरत्या पाटावर ठेवून कुंचला स्थिर धरायचा असतो, तेव्हा जिथे रेघ सुरू होऊन पुन्हा स्वतःला मिळते, तिथे रंगाचा किंचित दाटपणा असतोच. छापाच्या रेघेला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. पानाच्या देठापाशी रंग दाट, टोकाला विरळ, छापात सारखाच. बोट फिरवा, चिकटवलेल्या चित्राची कड नखाला लागते. मागच्या बाजूला भट्टीतल्या तिकाटीचे तीन ठिपके शोधा. "एवढं पाहायला अर्धं मिनिट लागतं," बाई म्हणाल्या, "पण गिऱ्हाईक ते अर्धं मिनिट किमतीची चिठ्ठी वाचण्यात घालवतं."

इथे गोष्ट दुखऱ्या जागेवर आली. एक मोठी थाळी रंगवायला बाईंना दोन दिवस लागतात. खालच्या रस्त्यावर छापाच्या थाळ्या तिच्या पाव किमतीत मिळतात, आणि त्या सगळ्याच काही देरूतात भाजलेल्या नसतात. सकाळी मी त्या रस्त्यावर काही दुकानांच्या फळ्या कायमच्या लागलेल्या पाहिल्या होत्या. बाईंची मुलगी मिलानला कचेरीत आहे. तीही चित्रेच काढते, पण संगणकावर. "तिथं तिला पुसता येतं," बाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, हेवाही नव्हता. माएस्त्रोंकडे शनिवार-रविवारी शिकायला माणसे येतात, फी देऊन. तीन दिवसांत एक वाडगा करून घरी न्यायचा असतो. "मी पहिलं वर्षभर नुसते कान लावले," म्हातारबुवा म्हणाले. कान म्हणजे कपांचे. हात मिळायला दहा वर्षे, मिळालेला हात चालायचा तीस वर्षे, आणि तो कोणाला देऊन जायचा तर समोर कोणी बसलेले नाही. भांडी संग्रहालयात ठेवता येतात, हात ठेवता येत नाही. ब्रिगांतीच्या काळी निदान चाकावर बसणारे होते, नमुने नव्हते. आज नमुने सहा हजार आहेत, चाकावर बसणाऱ्यांची वानवा.

सरकारने काही केले नाही असे नाही. इटलीने १९९० साली कायदा करून परंपरागत कलात्मक कुंभारकामाला संरक्षण दिले. गावाच्या रीतीने घडवलेल्या भांड्यांना अधिकृत खूण मिळण्याची सोय झाली. युरोपीय संघानेही २०२३ साली कारागिरीच्या वस्तूंसाठी भौगोलिक नावाचे संरक्षण मंजूर केले आणि ते २०२५ च्या डिसेंबरपासून लागू झाले. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या कोल्हापुरी चपलांना असे मानांकन २०१९ साली मिळाले. तरी २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्याच मिलान शहरी एका बड्या फॅशनच्या प्रदर्शनात तसल्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता मिरवल्या, आणि केवढा गदारोळ उठला! मी हा किस्सा भीतभीतच सांगितला. यजमानांच्या देशाची उणी गोष्ट. पण बाई उसळून म्हणाल्या, "मग? आमच्याशीही मिलान असंच वागतं!" दूरच्या दोन कारागिरांची मैत्री व्हायला समाईक गाऱ्हाण्यासारखी वस्तू नाही. मात्र एक खरे, की कायदा नावाचे रक्षण करतो. नाव घेणारा हात पुढच्या पिढीत राहील की नाही, हे कायद्याच्या हातचे नव्हे.

निघताना त्या बाईंनीच सांगितले, "उद्या कासालिनाला जा. मोठ्या थाळ्या पाहिल्यात, आता छोट्या पाहा." कासालिना ही देरूताचीच एक वाडी, दक्षिणेला काही किलोमीटरवर. तिथे 'मादोन्ना देई बान्यी'चे देऊळ आहे. बाहेरून पाहिले, तर चार पावले थांबावे असेही काही नाही.

त्याची कथा अशी सांगतात. सतराव्या शतकात एका फ्रान्सिस्कन साधूला वाटेत एका फुटक्या पेल्याचे बूड सापडले. त्यावर मरियम आणि बाळ येशू रंगवलेले होते. देवाची मूर्ती पायदळी नको, म्हणून त्याने ते खापर एका ओकच्या रोपट्याच्या फांद्यांत ठेवले. पुढे क्रिस्तोफोरो नावाच्या, सुईदोऱ्याचा व्यापार करणाऱ्या गावकऱ्याने ते पुन्हा झाडाला नीट ठोकून बसवले. १६५७ साली त्याची बायको अगदी अत्यवस्थ झाली. तो त्या झाडापाशी गेला, खापराला हात जोडले आणि घरी परतला, तो बायको उठून घर झाडत होती! त्याने कृतज्ञतेने एक रंगीत फरशी करवून झाडापाशी वाहिली. पाहता पाहता लोकांची रीघ लागली, झाडाभोवती देऊळ उठले. तो ओकचा बुंधा आणि ते खापर आजही वेदीपाशी आहे.

आपल्याकडे खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायची रीत आहे. इथे ते सगळ्या गावाने डोक्यावर घेतले आहे. आणि कुंभारांच्या गावाचा देव सोन्याचा नाही, संगमरवराचा नाही, त्यांच्याच कोणा पूर्वजाच्या हातून उतरलेल्या आणि कोणाच्या तरी हातून फुटलेल्या भांड्याचा तुकडा आहे, याहून योग्य ते काय असणार?

आत शिरलो आणि भिंती पाहून थक्क झालो. जमिनीपासून वरपर्यंत हातभर-वीतभर फरशा, सहाशेंच्या वर, आणि प्रत्येकीवर एकेका माणसाचे संकट. हे सगळे फेडलेले नवस. आपल्याकडे नवसाचे पाळणे टांगतात, चांदीचे डोळे वाहतात. इथे संकट चित्रात काढून वाहतात. कोपऱ्यात ढगांवर किंवा झाडावर मरियम, खाली घडलेली हकिकत आणि 'कृपा लाभली' या अर्थाची तीन आद्याक्षरे. कोणी जैतुनाच्या झाडावरून डोक्यावर पडतो आहे, शिडी अजून हवेत आहे. कोणाला बैलाने शिंगावर घेतले आहे. कोणाच्या अंगावरून गाडीचे चाक चालले आहे. टायबरच्या पुरात कोणी गटांगळ्या खातो. वाटमाऱ्यांनी सुरे काढले आहेत. अंथरुणावर पडलेली बाई, उशाशी गुडघे टेकून बसलेला नवरा. झपाटलेल्या बाईच्या तोंडातून काळी पिशाच्चे उडून चालली आहेत. चित्रकाराला माणसाचे प्रमाण जमलेले नाही, घोडा कुत्र्यासारखा दिसतो, पण पडणाऱ्या माणसाच्या पसरलेल्या हातांत जे भय आहे, ते संग्रहालयातल्या एकाही सुंदरीच्या चेहऱ्यावर नाही. तिथे पुष्कळ कला आहे. इथे माणूस मरता मरता वाचला आहे.

आणि ही रांग सतराव्या शतकात थांबत नाही. फिरत फिरत पुढे गेलो, तशी बैलगाडी जाऊन मोटार आली, ट्रॅक्टर उलटला, लढाईत तोफा धडाडल्या. साडेतीन शतकांचा इतिहास राजांच्या नव्हे, तर अपघातांच्या क्रमाने लावलेला. १९८० साली चोरांनी इथल्या पुष्कळ फरशा उचकटून नेल्या; काही परत मिळाल्या, काही अजून कुठे आहेत, देव जाणे. चोराला त्या फरशीचा बाजारभाव कळला. ती वाहणाऱ्याचा जीव किती मोलाचा होता, हे कळायचे कारण नव्हते.

विद्यार्थी एका अलीकडच्या फरशीपुढे उभा राहून अक्षरे लावत होता. म्हणाला, "सर, ही तर आपल्याच काळातली आहे. अजून करून घेतात लोक." देवळाची राखण करणारी एक म्हातारी जवळच उभी होती. तिला विचारले, "या कोण करतं?" तिने हात टेकडीकडे केला. "देरूतात. दुसरीकडं कुठं? ज्याला करवून घ्यायची असते तो जाऊन सांगतो, काय झालं ते. ते काढून देतात." मी विचारले, "छापाची चालत नाही?" माझा प्रश्न विद्यार्थ्याने दोनदा समजावून सांगितला. म्हातारीला आधी तो कळेचना. मग ती म्हणाली, "छापाची कशी चालेल? दुसऱ्याचा पाय मोडल्याचं चित्र आपण कसं वाहायचं?"

बाजारातल्या थाळीवरची छापाची नक्षी कोणालाही चालते, कारण ती कोणाचीच नसते. पण ज्याचा मुलगा पुरातून वाचला, त्याला तोच पूर, तोच मुलगा आणि तोच काठ हवा असतो. त्यासाठी समोर बसून त्याची हकिकत ऐकणारे, मग कुंचला उचलणारे आणि न पुसता रेघ ओढणारे कोणीतरी लागते. असे कोणीतरी टेकडीवर आज आहे. कासालिनाच्या भिंतींवर अजून थोडी जागा रिकामी आहे, आणि संकटांचा तर जगात कधीच तुटवडा पडलेला नाही.